उलट्या रिंगचा कॅमेरा

“उलटी फिरवा घुगरे, उलटी! मोडताय काय लेन्स?”

नेमचंदशेठनी काउंटरवरून हात लांब करून माझं मनगटच धरलं. शनिवारची दुपार होती, कोल्हापुरातलं त्यांचं कॅमेऱ्याचं दुकान रिकामं होतं म्हणून बरं. नाहीतर बारा वर्षं लग्नं काढणाऱ्या माणसाला साधी लेन्स बसवता येत नाही, हे चारचौघांनी बघितलं असतं. दोष माझ्या हाताचा. आमचे कॅमेरे पिवळ्या पट्ट्याचे. त्यांची लेन्स ज्या अंगाला फिरवली की कट्ट करून बसते, त्याच्या बरोबर उलट अंगाला ह्या लाल पट्ट्याच्या कॅमेऱ्याची. झूमची रिंगसुद्धा उलटीच. दुसरी कंपनी, दुसरी सिस्टीम. एकीची लेन्स दुसरीला बसत नाही, त्यामुळं बदलायचं म्हटलं की बॉडी, लेन्स, फ्लॅश, सगळा संसारच बदलावा लागतो.

“हात बसतो हो आठ दिवसांत,” शेठ म्हणाले. “माणूस बायकोच्या हातच्या आमटीला सरावतो, रिंगचं काय घेऊन बसलात? हे बघा.”

त्यांनी कॅमेरा माझ्यावर रोखला आणि मागचा पडदा माझ्याकडं वळवला. पडद्यात माझं तोंड होतं आणि माझ्या डोळ्यावर एक बारका हिरवा चौकोन बसला होता. मी मान हलवली, चौकोन डोळ्याबरोबर हलला. मी खाली वाकलो, तोही खाली आला.

“माणसाचा डोळा आपला आपण शोधतो हा. तुम्ही नुसतं बटण दाबायचं. फोकस चुकला, तोंड धुरकट आलं, ती भानगडच संपली.”

तेवढं ऐकलं आणि माझा जीव त्या कॅमेऱ्यात अडकला.

त्याला कारण होतं. गडहिंग्लजला मी आणि रियाज मुल्लाणी, दोघांचा मिळून स्टुडिओ. नाव ‘जोडी फोटो’. मी महांतेश घुगरे, पण गावात सगळे मांत्या म्हणतात. दोघांच्या दोन बॉड्या एकाच कंपनीच्या, आणि लेन्सा तीन. लांबची मोठी सत्तर-दोनशे माझ्या पैशाची, जवळची चोवीस-सत्तर रियाजच्या पैशाची, आणि पन्नासची बारकी लेन्स पहिल्या वर्षी दोघांनी मिळून घेतलेली. ज्याला जी लागेल त्यानं ती लावायची. मधेच लग्नात हात पुढं केला की समोरचा न बोलता लेन्स काढून द्यायचा. आमची भागीदारी कुठल्या कागदावर नव्हतीच, ती ह्या तीन लेन्सांवर होती. मी एकट्यानं लाल सिस्टीम घेतली असती तर ती त्याच दिवशी मोडली असती.

आणि तरीही मी रियाजला न सांगता शेठच्या दुकानात उभा होतो.

गेल्या सीझनला आमची दोनदा शोभा झाली. दुसऱ्या वेळची तर विसरता येत नाही. संकेश्वरच्या पार्टीचं लग्न होतं. नवरदेवाच्या आजीचा नातवाबरोबर एकच फोटो निघाला होता, आणि त्यात आजीचं तोंड धुरकट. लग्नानंतर महिन्यात म्हातारी गेली. नवरदेवाचा बाप अल्बम घेऊन आला, ते पान उघडून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “ह्यातली माझी आई कुठली, तेवढं दाखवा.” मी काय दाखवणार? जमिनीत गाडल्यासारखं झालं. “कॅमेरा जुना झालाय काका,” एवढंच बोललो.

त्यानंतर मी रियाजच्या मागं लागलो. दोघांनी मिळून बदलूया म्हटलं. तो म्हणाला, “दिवाळीनंतर बघू.” दिवाळी झाली. “उरूस होऊ दे.” उरूसही झाला. पैशाचं विचारलं की विषय बदलायचा. त्यात त्याचं नवंच सुरू झालेलं, दर चार-सहा आठवड्यांनी गुरुवारी मिरज. का, तर बहिणीकडं. ज्या बहिणीकडं हा माणूस ईदेलासुद्धा ओढून न्यावा लागायचा! मिरजेत एक मोठा स्टुडिओ आसपासचे फोटोग्राफर ओढतोय, असं कुणीतरी माझ्या कानावर घातलं होतं. झालं, डोक्यात किडा शिरला. हा आपल्याला सोडून चाललाय, तर आपणच आधी सोय बघितलेली काय वाईट?

“माझ्याकडं सगळी सिस्टीम बदलण्याएवढे पैसे नाहीत शेठ,” मी म्हटलं.

“सगळी कोण बदला म्हणतंय? तुमची सत्तर-दोनशे मला द्या, जमवलेलं वर घाला. एक बॉडी, एक लेन्स, सुरुवात झाली. उद्या लग्न आहे ना? घेऊन जा, वापरून बघा. बॅटरी भरलीय, कार्डं मी घातलीत. पण सोमवारी मला हो किंवा नाही पाहिजे. मंगळवारी कराडची पार्टी येतेय.”

एस.टी.त सबंध वाटभर ती बॅग मी मांडीवर घेऊन बसलो. घरी आलो तर महादेवीनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी लाल पट्टा बघितला.

“रियाजभावजींना सांगितलंय?”

“सांगीन की.”

“कधी? लेन्स विकून झाल्यावर?”

“तू जरा गप बस.”

“मी गप बसते. तुम्हीच बसा बघू गप. आल्यापासनं चार वेळा अंगणात जाऊन आलाय.”

खरंच बसवत नव्हतं. कॅमेरा काढायचा, महादेवीच्या डोळ्यावर चौकोन बसतोय का बघायचं, परत आत ठेवायचा. ती भाकरी थापत होती, तिनं पीठभरला हात तोंडापुढं धरला तर चौकोन बोटांच्या फटीतनं तिचा डोळा हुडकायला लागला. मला कौतुक वाटलं आणि त्याच दमात रियाज आठवला.

रविवारी सकाळी रियाज आला. हलकर्णीच्या नाईकांच्या मुलीचं लग्न, मुहूर्त साडेबाराचा. दारात बुलेट लावून त्यानं किल्ली माझ्याकडं फेकली.

“तू चालव. कंबर धरलीया.”

ह्या बुलेटला हात लावला म्हणून त्यानं एकदा सख्ख्या मेव्हण्याशी भांडण काढलं होतं. गेले दोन महिने मात्र किल्ली माझ्याकडं. मनात म्हटलं, जायचं ठरवलंय गड्यानं, म्हणून लाड चाललेत. तेवढ्यात त्याला माझ्या खांद्यावरचा लाल पट्टा दिसला.

“हे कुणाचं?”

“शेठचं. ट्रायलला आणलाय.”

“आणि मला आत्ता सांगतोयस?”

“तू मिरजेला जाताना सांगतोस काय मला?”

तोंडातनं निघून गेलं. रियाज माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता फाडकन काहीतरी बोलेल, बोलला तर बरं, एकदाचं मिटेल. तो मागं बसला आणि म्हणाला, “चल. उशीर होतोय.”

मांडवात पोचल्यावर कॅमेरे पुसायला बसलो. रियाजच्या बॅगेत पुढच्या कप्प्यात लेन्स पुसायचं फडकं, धूळ उडवायचा रबरी पंप आणि औषधाची एक बारकी प्लॅस्टिकची बाटली होती. बाटली नवी दिसली. लेन्स साफ करायचं पाणी असणार, म्हणून मी टोपण फिरवलं, तर त्यानं झडप घालून ती हिसकावली.

“ते ठेव! महागातलं हाय.”

“आयला, दोन थेंबांनं काय भिकेला लागणार हैस काय?”

“ठेव म्हणतोय न्हवं.”

बाटली खिशात गेली. बारा वर्षांत ह्या माणसानं मला लेन्स दिल्या, सासऱ्याच्या आजारात रात्रंदिवस सोबत दिली, आणि आता पुसायच्या पाण्याचे दोन थेंब देईना. मला इतका राग आला की हातातलं फडकं मी त्याच्या बॅगेवर फेकलं.

थोड्या वेळानं तोच जवळ आला. “बघू,” म्हणून लाल कॅमेरा हातात घेतला.

“डोळा शोधतो म्हणं हा?”

“व्हय.”

“आपला आपण?”

“आपला आपण. तू नुसतं बटण दाबायचं.”

त्यानं कॅमेरा दोन्ही हातांत फिरवला, अंगठ्यानं रिंग चाचपली, बराच वेळ चाचपत राहिला. मग माझ्या हातात परत दिला. “चांगला हाय,” म्हणाला. “पण आपल्याला नको, मांत्या.” आवाज असा की भांडताही येईना.

आता आमची लग्नात उभं राहायची पद्धत सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. अक्षतांच्या वेळी मी नवरीच्या मागं, रियाज नवऱ्याच्या मागं. मधे आंतरपाट. म्हणजे मला नवऱ्याचं तोंड मिळतं, त्याला नवरीचं. आम्ही दोघं बरोबर समोरासमोर येतो, म्हणून दोघांनीही झूम जवळ ओढून ठेवायचा आणि एकमेकांच्या फोटोत यायचं नाही, हा पहिल्या लग्नापासूनचा नेम. फोटोत फोटोग्राफर दिसला म्हणजे काम कच्चं. हा नेम आम्ही इतका पाळला की बारा वर्षांत आम्हा दोघांचा एकत्र असा एक फोटो नव्हता.

मंगलाष्टका संपत आल्या. भटजींचा आवाज चढला. मी कॅमेरा डोळ्याला लावला, नवरदेवाच्या डोळ्यावर हिरवा चौकोन टपकन बसला. “सावधान!” झालं, वाजंत्री कडाडली, आंतरपाट खाली आला. मी नवरदेवाचं तोंड जवळ घ्यायला रिंग फिरवली. हात बारा वर्षांच्या सवयीनं पिवळ्या पट्ट्याच्या अंगाला गेला आणि जवळ यायच्या ऐवजी सगळं लांब पळालं. बटण दाबलं गेलं ते त्याच क्षणी. नवरदेव, नवरी, मामा, अक्षता, अख्खा मांडव आला असणार त्यात. रिंग उलटी फिरवेपर्यंत दोघांची तोंडं भावकीच्या गर्दीत बुडाली होती. तो क्षण काही परत येत नाही. भटजींना आंतरपाट पुन्हा धरा म्हणून सांगता येत नाही.

स्वतःच्या हातावर काठी मारून घ्यावीशी वाटली. मग हार, सप्तपदी, सगळं नीट काढलं, पण लक्ष तिकडंच.

पंगती बसल्या तेव्हा मी मांडवामागं पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन पडद्यावर तो फोटो उघडला. म्हटलं, निदान कापून तरी काही हाती लागतंय का बघावं. आणि लागत होतं! नवरदेवाचं तोंड कुठल्या कुठं, पण लख्ख. नवरीचा गाल, उडालेल्या अक्षता, सगळं जागच्या जागी. जीव भांड्यात पडला. मग सहज फोटो सरकवला तर नवऱ्याच्या खांद्याआडून रियाज दिसला. मोठा करून बघितला.

रियाजनं कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला होता.

तुम्हाला ह्यात काही वाटणार नाही. मला वाटलं, कारण रियाजच्या उजव्या भुवईचे केस कॅमेऱ्याचं रबर घासून घासून गेलेत, त्याची बायको त्यावरनं त्याला चिडवायची. तो जन्माचा उजव्या डोळ्याचा माणूस. आणि फोटोत तो कॅमेरा अवघडून डावीकडं धरून उभा होता, आणि कॅमेऱ्याच्या कडेवरनं दिसणारा उजवा डोळा टक्क उघडा. आपण एका डोळ्यानं बघताना दुसरा मिटतो, किंवा तो समोरचं तरी बघत असतो. रियाजचा तो उघडा डोळा कुठंच बघत नव्हता.

मी तसाच उठलो आणि बॅगा ठेवल्या होत्या तिथं गेलो. रियाजनं जाकीट काढून बॅगेवर टाकलं होतं. खिशातली बाटली काढली. लेन्सचं पाणी कसलं! ‘उजव्या डोळ्यात दिवसातून चार वेळा.’ बाटलीला रबरबँडनं गुंडाळलेली मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी, आणि तिच्यावर इंजेक्शनच्या तारखा. एकूण एक गुरुवार. खाली बारीक अक्षरात ‘साखर फार वाढलेली’ असं लिहिलेलं.

बुलेटची किल्ली. दिवाळीनंतर बघू. पैशाचं नाव काढलं की विषय बदलणं. सगळं एकदम येऊन अंगावर पडलं. त्याचे कॅमेऱ्याचे पैसे त्या इंजेक्शनांत जात होते, आणि मी त्याला पळपुटा ठरवून बसलो होतो. मग संकेश्वरची आजी आठवली. तो फोटो कुणी काढला होता? रियाजनंच. ते सगळेच धुरकट फोटो रियाजचे होते. आणि खरं सांगायचं तर हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दोस्ताला चुकलास म्हणायच्या ऐवजी मी कॅमेऱ्याला म्हातारा म्हणत होतो. बाटली आणि चिठ्ठी परत खिशात घालताना मला रडू फुटलं. नळाखाली तोंड धुतलं.

न सांगण्याचं कारण विचारायची गरजच नव्हती. फोटोग्राफरचा डोळा अधू आहे हे कळल्यावर त्याला लग्न कोण देणार? आणि त्याच्याबरोबर ‘जोडी’ला कोण देणार? त्यानं मला वाचवायला तोंड मिटलं होतं की स्वतःला, कुणास ठाऊक. पण तो फोटो त्याला दिसता कामा नये, हे मी ठरवलं. कार्डं काढून कॉम्प्युटरवर उतरवायचं काम पहिल्यापासून रियाजचं. संध्याकाळी त्यानं हा फोटो उघडला की त्याला कळणार, आपण पकडले गेलो. त्याची मान खाली जाईल. ती मला बघवली नसती.

आंतरपाटाचा माझ्याकडचा तो एकमेव फोटो होता. रियाजचा तरी नीट आला असेल ह्याची खात्री नव्हती. दोन्ही गेले तर नाईक आम्हाला मांडवातच जोड्यानं मारतील. मी बटणावर अंगठा ठेवला, उचलला, परत ठेवला आणि फोटो पुसून टाकला.

“हैस व्हय इथं? घे.” रियाज जिलेबीची पत्रावळ घेऊन आला होता.

“तू?”

“मला नको. कसा आला अक्षतांचा?”

“हुकला. रिंग उलटी फिरली.”

रियाज पोट धरून हसला. “बारा वर्षांत पहिल्यांदा मांत्याचा आंतरपाट हुकला! बघ, तरी म्हणत होतो, आपल्याला नको ते.”

“तुझा?”

त्याचं हसू विरलं. “बघू की घरी जाऊन,” म्हणाला आणि मांडवाकडं बघत राहिला. मी त्याच्या उजव्या अंगाला उभा होतो. हात हळूच वर केला, दोन बोटं हलवली. त्याला पत्ताच नव्हता.

संध्याकाळी स्टुडिओत फोटो उतरवायला लाल कॅमेरा नेहमीसारखा रियाजच्या टेबलावर ठेवला आणि मी घरी गेलो.

सोमवारी सकाळी तो स्टुडिओतनं उचलला आणि पहिल्या गाडीनं कोल्हापूर. खांद्यावर सत्तर-दोनशे आणि लाल कॅमेरा, दोन्ही. एक परत द्यायचा, दुसरी परत आणायची, किंवा दोन्हीची अदलाबदल. निपाणी आलं तरी माझं ठरत नव्हतं. पैसे एवढेच की एकच कॅमेरा येणार. पैसे त्याच्या औषधाला द्यावेत म्हटलं तर तो माझ्या तोंडावर फेकणार. गप्प बसावं तर पुढच्या कुठल्यातरी घरची आजी धुरकट येणार, आणि त्या दिवशी रियाज स्वतःच कॅमेरा खाली ठेवणार. ही धाकधूक दुकानाच्या पायरीपर्यंत.

“मग घुगरे? हो का नाही?”

“शेठ, हा डोळा शोधतो तो समोरच्याचा. काढणाऱ्यानं कुठल्या डोळ्यानं बघितलं तर चालतं?”

शेठ चक्रावले. “कुठल्याही! डोळा न लावता मागच्या पडद्यावर बघून काढला तरी चालतो. का हो?”

“काही नाही. घ्या ही लेन्स.”

दुपारी स्टुडिओत शिरलो तेव्हा रियाज कॉम्प्युटरपुढं बसला होता. मी लाल पट्ट्याचा कॅमेरा टेबलावर आपटला.

“घेतला,” मी म्हटलं. “माझी सत्तर-दोनशे दिली आणि घेतला.”

तो उठून उभा राहिला. “मला न विचारता?”

“न विचारता. आणि फसलो. वाटेत सगळीकडं काढून बघितलं, माझा हात उलटाच जातोय. काल आंतरपाट घालवला, उद्या दुसरं काही घालवीन. शेठ परत घ्यायला तयार न्हाई. आता हा तूच वापर. मी आपले जुने पिवळे घेतो, चोवीस-सत्तर आणि पन्नास मला पुरं झाल्या.”

“खुळा हैस काय? तुझे पैसे, तुझी लेन्स, आणि मी वापरू?”

“मग काय आरतीला ठेवू त्याला? जोडीचाच हाय न्हवं? का आता जोडीतलं न्हाई काही?”

मी मुद्दाम चिडून बोलत होतो, कारण साधं बोललो असतो तर खरं तोंडातनं निसटलं असतं. रियाज कॅमेऱ्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. मग त्यानं तो उचलला आणि उजव्या डोळ्याकडं नेला. माझ्यासमोर तो उजव्यालाच लावणार, हे माझ्या लक्षात आलं. मी पाठ फिरवली. भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो. त्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता, आमच्या जुन्यासारखी खटाक नाही, त्यामुळं त्यानं काढून बघितलं की नाही मला कळलं नाही.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, “बरा हाय.”

“मग वापर.”

“वापरतो.”

नाईकांचा अल्बम झाला. आंतरपाटाचा फोटो त्यात होता, नवरदेवाचं तोंड, उडालेल्या अक्षता, लख्ख. मी म्हटलं, रियाजनं डाव्या डोळ्यानं साधला गड्यानं! नवऱ्याचं तोंड त्याच्या बाजूनं दिसतच नाही, हे माझ्या डोक्यात शिरलंसुद्धा नाही, इतका मी खूश होतो. पुढं त्यानं साखर आवरली, डावा डोळा वाचला. उजवा गेलाच. ते त्यानं दोन वर्षांनी एका लग्नात सगळ्यांदेखत स्वतःच सांगून टाकलं, “एका डोळ्यानं काढतो, एकाचेच पैसे द्या.” पार्टी हसली आणि दोन्हीचे पैसे दिले.

ह्या सगळ्याला आता सात वर्षं झाली. गेल्या महिन्यात आम्ही स्टुडिओ नव्या गाळ्यात हलवला. जुनी खोकी बांधताना रियाजनं टेबलाच्या खालच्या खणातनं एक खाकी पाकीट काढून माझ्यापुढं टाकलं. आत दोन फोटो होते. वरचा मी लगेच ओळखला. नवरदेव, नवरी, अक्षता, अख्खा मांडव, आणि खांद्याआडून डाव्या डोळ्याला कॅमेरा लावलेला रियाज.

“हा मी पुसला होता.”

“एका कार्डातला पुसलास,” रियाज म्हणाला. “नव्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असत्यात मांत्या. एकावर पुसलं तरी दुसऱ्यावर ऱ्हातं. तेवढं पण ठाऊक न्हवतं तुला, आणि निघाला होतास सिस्टीम बदलायला!”

“म्हणजे रविवारीच...”

“रविवारी सांजचंच. माझा आंतरपाट धुरकट आलेला. मग तुझ्यातलं नवरा-नवरी ठेवलं, मला कापून टाकलं आणि तेच पार्टीला दिलं.”

“मग सोमवारी मी खोटं बोलत होतो तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं?”

“व्हय.”

“मग बोलला का न्हाईस रे?”

“तू एवढं जीव लावून खोटं बोलत होतास,” तो म्हणाला, “मला मोडवंना झालं.”

मी दुसरा फोटो काढला. तो त्या सोमवारचा, भिंतीवरचं कॅलेंडर आणि त्याच्यापुढं चौकड्याच्या शर्टातली माझी पाठ. लख्ख, शर्टाचा उसवलेला दोरासुद्धा मोजून घ्यावा इतकी. रियाजनं ते दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी सरकवले. मग आम्ही दोघंही बराच वेळ खोकी बांधायचं विसरलो.

नव्या गाळ्यात ते एकाच चौकटीत लावलेत. येणारी गिऱ्हाइकं विचारतात, ह्या दुसऱ्यानं पाठ का केलीय? रियाज मान वरही न करता सांगतो, “त्याला उलटी रिंग जमत न्हाई.”